एका एन्झाइमशी अख्खा संसार

मागच्या अंकात एका पत्राला उत्तर देताना मी सहज लिहून गेले की माझी नोकरीतली जवळजवळ सगळी वर्षं दोन-तीन एन्झाइमं, म्हणजे सजीवांतल्या रासायनिक क्रिया झपाट्याने घडवणारी प्रोटीनं, दिसतात कशी आणि चालतात कशी एवढंच बघण्यात गेली, तर त्या एका ओळीवर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय. ज्यांनी केसगळतीबद्दल विचारलंय त्यांनी एक महिना थांबा, तोवर सगळे केस काही जाणार नाहीत.

मॅडम, मी एमएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पीएचडी करायची खूप इच्छा आहे पण आमची एक सिनिअर म्हणते एकदा एन्झाइम गळ्यात पडलं की आयुष्यभर तेच. एकाच प्रोटीनवर माणूस पंचवीस-तीस वर्षं करतो तरी काय? कंटाळा नाही येत?
– विद्यार्थिनी, कराड

अगं येतो ना, का नाही येणार. मे महिन्यात पुण्याच्या उन्हातून येऊन ४ डिग्रीच्या कोल्ड रूममध्ये स्वेटर घालून बसायचं, बीकरमध्ये अमोनियम सल्फेट चिमूट चिमूट टाकत ढवळायचं, आणि हे सगळं तिसऱ्यांदा, कारण आधीचे दोन लॉट वाया गेलेले. अशा वेळी मला कित्येकदा वाटलंय की बँकेची परीक्षा दिली असती तर बरं झालं असतं. पण तुझा खरा प्रश्न कंटाळ्याचा नाहीये, एका एन्झाइममध्ये एवढं असतं तरी काय हा आहे. त्याला माझं उदाहरण पुरणार नाही, युरिएजचं सांगते.

युरिएज युरिया तोडतं, त्यातून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड निघतो. काम एवढंच. पण नुसत्या पाण्यात ठेवलेला युरिया आपलाआपण अर्धा तुटायला साधारण ४० वर्षं लागतील आणि हे बेटं सेकंदाला हजारो रेणू तोडतं. आता १९१७ साली जा. अमेरिकेत इथाका गावी कॉर्नेल युनिव्हर्सिटीत जेम्स समनर नावाचा तिशीतला मास्तर, शिकवण्याचा भार भरपूर, पैसा बेताचा, आणि त्याने ठरवलं की एक तरी एन्झाइम शुद्ध करून डोळ्यांनी बघायचं. तेव्हा एन्झाइम म्हणजे नक्की कसली वस्तू हेच ठरलेलं नव्हतं, भात चावत राहिलं की गोड लागतो, पोटात मांस विरघळतं, म्हणजे काम दिसायचं पण करणारा दिसायचा नाही. त्याने घेतल्या जॅक बीनच्या बिया, म्हणजे आपल्या कोकणात परसात अबई चढवतात ना, तिचीच बहीण. त्यात युरिएज भरपूर असतं.

नऊ वर्षं गेली. लॅबमध्ये बर्फाची पेटी नव्हती म्हणून हा माणूस काचेची नळकांडी खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवायचा आणि थंडी पडू दे म्हणून देवाला विनवायचा. शेवटी १९२६ मध्ये बियांचं पीठ तिसेक टक्के ॲसिटोन घातलेल्या पाण्यात कालवलं, गाळलं, गाळलेलं रात्रभर गारठ्यात ठेवलं, दुसऱ्या दिवशी एक थेंब मायक्रोस्कोपखाली धरला तर त्यात इवले इवले आठ बाजूंचे स्फटिक! ते वेगळे काढून पाण्यात विरघळवले, प्रोटीनची टेस्ट जोरात आली आणि युरिएजचीही जोरात आली. त्याने उठून बायकोला फोन केला की पहिलं एन्झाइम मी क्रिस्टल करून काढलंय.

लोकांनी मानलं का, तर अजिबात नाही. जर्मनीतले रिचर्ड विलश्टेटर, १९१५ चे नोबेलवाले, त्यांचं म्हणणं होतं की एन्झाइम म्हणजे कुठलातरी छोटा रेणू असणार आणि प्रोटीन फक्त त्याला वाहून नेणारा हमाल. त्यांनी एन्झाइमचे नमुने शुद्ध करत करत इतके पातळ केले होते की त्यात प्रोटीनची टेस्टच लागेना आणि एन्झाइम मात्र काम करतच होतं, मग निष्कर्ष काय निघाला, की प्रोटीन नाहीच. आज आपण हसतो, पण त्या काळच्या टेस्ट घेऊन बसलं असतं तर तूही तेच म्हणाली असतीस आणि मीही. १९३० मध्ये जॉन नॉर्थ्रपने पेप्सिनचे, म्हणजे जठरात प्रोटीन पचवणाऱ्या एन्झाइमचे, क्रिस्टल काढले तेव्हा कुठे वारं फिरलं, आणि नोबेल मिळालं १९४६ ला, अर्धं समनरला आणि अर्धं नॉर्थ्रप आणि विषाणूचे क्रिस्टल काढणारे स्टॅन्ली या दोघांत.

तुला वाटेल संपली गोष्ट. मला तर इथून पुढचीच जास्त आवडते. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियात कळलं की या एन्झाइममध्ये निकेल आहे. म्हणजे समनरच्या त्या पहिल्या क्रिस्टलमध्येही निकेल होतंच, ४९ वर्षं सगळे त्याच्याकडे बघत होते आणि कोणाला पत्ता नाही, कारण एन्झाइममध्ये निकेल असू शकतं हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. १९९५ ला एका जिवाणूच्या युरिएजची रचना, म्हणजे कुठला अणू कुठे बसलाय ते, सुटली, तीसुद्धा समनरच्याच कॉर्नेलमधल्या लॅबमध्ये. आणि खुद्द जॅक बीनच्या युरिएजची, ज्याचा क्रिस्टल जगात पहिला, त्याची रचना कधी आली माहितीये? २०१० ला. कुठे? चेन्नईत, मद्रास विद्यापीठात, जी. एन. रामचंद्रन यांनी उभ्या केलेल्या विभागात. तुम्ही एमएस्सीला प्रोटीनची साखळी कशी वळू शकते ते दाखवणारा रामचंद्रन प्लॉट घोकता ना, तेच रामचंद्रन. ८४० अमिनो आम्लांची एक साखळी, अशा सहा एकमेकींना बिलगलेल्या, आणि प्रत्येकीच्या पोटात निकेलचे दोन अणू.

सिनिअरला सांग, इथाकाच्या खिडकीपासून चेन्नईपर्यंत ९३ वर्षं झाली आणि लोक अजून भांडतायत की पाण्याचा नेमका कुठला रेणू युरियावर हल्ला करतो. तीस वर्षं कुठे पुरतात.

बाकी व्यवहाराचं बोलायचं तर नेट परीक्षा दे, जेआरएफ, म्हणजे संशोधनाची सरकारी फेलोशिप, लागली तर सध्या पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि वर घरभाडं मिळतं. आणि गाइड निवडताना त्यांचे पेपर किती हे बघण्याआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना एक फोन कर.

ताई, माझ्या मुलीला डावा हात जन्मापासून कोपराखाली नाही. बारावी सायन्सला आहे, केमिस्ट्रीत पहिली येते. पण एका ओळखीच्या प्राध्यापकांनी सांगितलं की प्रॅक्टिकलची लाइन हिला झेपणार नाही, कॉमर्सला टाका. मुलगी दोन दिवस जेवली नाही. काय करू?
– एक आई, अमरावती

आधी तिला जेवायला घाला आणि मग वरच्या पत्रातल्या समनरबद्दल एक गोष्ट सांगा, जी मी तिथे मुद्दाम लिहिली नाही. तो सतरा वर्षांचा असताना शिकारीला गेला होता, सोबत्याची गोळी चुकून त्याच्या डाव्या हाताला लागली आणि कोपराखालचा हात काढावा लागला. त्यात गडी डावखुरा! म्हणजे होता तोच कामाचा हात गेला. उजव्याने लिहायला, टेनिस खेळायला, सगळं नव्याने शिकला. हार्वर्डला पीएचडीसाठी ओटो फोलिन यांच्याकडे गेला तर फोलिन, म्हणजे त्या काळातला मोठा बायोकेमिस्ट, त्यांनी काय सांगावं, एका हाताच्या माणसाचं केमिस्ट्रीत काही होणार नाही, वकिली कर. तुमच्या प्राध्यापकांनी कॉमर्स सांगितलं, एवढाच काय तो फरक. समनर हटला नाही, १९१४ ला त्यांच्याच हाताखाली पीएचडी झाला.

आता तुमच्या कामाचं. मायक्रोपिपेट, म्हणजे थेंबाहून कमी द्रव मोजून उचलायचं साधन, एका हातानेच चालवतात, तो मुळात तसाच बनवलाय. अडतं कुठे, तर स्क्रूचं झाकण उघडताना आणि एकाच वेळी दोन गोष्टी धरताना, त्याला क्लॅम्प स्टँड, बाटली अडकवायचा साधा लाकडी ठोकळा, खाली चिकटणारी रबरी चटई असलं काहीतरी करता येतं, गावातला सुतारही करून देईल. आणि एन्झाइमची रचना शोधायचं अर्धंअधिक काम आज कॉम्प्युटरसमोर होतं. दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट काढलं नसेल तर आधी काढा, २०१६ च्या कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा जास्त असेल तर सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत उच्च शिक्षणाला किमान ५ टक्के जागा आणि वयात ५ वर्षांची सूट आहे. प्रॅक्टिकलला सोय करून द्या हे तोंडी विनवत बसू नका, अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या.

माझा मुलगा पीएचडी करतोय, चौथं वर्ष संपत आलं. दर रविवारी फोनवर विचारलं की म्हणतो बाबा क्रिस्टल येत नाहीये. वय २९ झालं, लग्नाचं बोललं की चिडतो. हा क्रिस्टल म्हणजे नक्की काय प्रकार आहे आणि तो येत का नाही?
– निवृत्त एसटी कर्मचारी, चिपळूण

काका, दोऱ्याला खडीसाखर लागताना बघितली असेल तुम्ही. पाक घाईत थंड केला तर नुसता लगदा होतो आणि धीराने ठेवला तर खडे धरतात. तुमचा मुलगा तेच करतोय, फक्त साखरेऐवजी प्रोटीन आणि कढईऐवजी २ मायक्रोलिटरचा थेंब, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढा धरा. २४ खड्ड्यांची एक प्लास्टिकची प्लेट असते, प्रत्येक खड्ड्यात वेगळं द्रावण, काठाला ग्रीस लावायचं, काचेच्या चकतीवर तो थेंब ठेवायचा आणि चकती उलटी करून खड्ड्यावर दाबून बसवायची. थेंब वरून लोंबतो, त्यातलं पाणी हळूहळू खाली जातं, प्रोटीन दाट होत जातं. मग रोज मायक्रोस्कोप. बहुतेक दिवशी थेंब एकतर स्वच्छ असतो नाहीतर दही फुटल्यासारखा. एक प्लेट, दहा प्लेटी, शंभर प्लेटी.

हे कशासाठी, तर एन्झाइमचा एकटा रेणू इतका बारीक की त्यावर क्ष-किरण टाकून काही हाताला लागत नाही. पण क्रिस्टलमध्ये असे अब्जावधी रेणू १५ ऑगस्टच्या कवायतीसारखे ओळीत उभे असतात, मग सगळ्यांचा मिळून ठिपक्यांचा एक नकाशा उमटतो आणि त्यावरून अणू न् अणू कुठे बसलाय ते काढता येतं. आता प्रोटीन म्हणजे काही साखर नाही, मोठं, लिबलिबीत, हातपाय हलवणारं. ते ओळीत उभं राहायला तयार नसतं हो.

माझंच सांगते. एका एन्झाइमवर आठ महिने घालवले आणि एका सोमवारी थेंबात असे काही सुंदर चकाकणारे क्रिस्टल, की मी पळत जाऊन पेढे आणले, अख्ख्या मजल्याला वाटले, आमच्या सरांना तर दोन दिले. नंतर क्ष-किरणांवर चढवलं तर ते मीठ निघालं. बफरमधलं, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातलं, फॉस्फेट आणि कुठूनतरी आलेलं कॅल्शियम, झालं. खरं तर सुई लावून बघायची पद्धत असते, मिठाचा खडा कट्ट करून तुटतो आणि प्रोटीनचा ओल्या खव्यासारखा चुरा होतो, पण एवढा देखणा क्रिस्टल मोडायचं धाडस झालं नाही. लॅबमध्ये पुढे वर्षभर मला कोणी हाक मारताना नाव घेतलं नाही, पेढेवाली हेच नाव.

तेव्हा मुलगा नापास होतोय असं समजू नका. क्रिस्टल आलाच नाही तरी एन्झाइम किती वेगाने चालतं, कशाने अडतं, कुठलं अमिनो आम्ल बदललं की बंद पडतं यावर चांगला थिसिस होतो, त्याच्या सरांना ते ठाऊक असणार. तुम्ही एक करा, रविवारी फोन करा पण क्रिस्टलचं विचारू नका, जेवलास का विचारा. लग्नाचं त्याच्या आईवर सोडा.

आता एआय सगळ्या प्रोटीनची रचना सांगतं म्हणे, त्याला नोबेलही मिळालं. मग ही क्रिस्टलची हमाली कोण कशाला करेल?
– आयटी इंजिनिअर, हिंजवडी

तुम्ही म्हणता तो एआय म्हणजे अल्फाफोल्ड, तो मी स्वतः वापरते आणि पहिल्यांदा वापरलं तेव्हा थोडं रडायला आलं, कारण प्रोटीनच्या साखळीची जी घडी शोधण्यात माझी चार वर्षं गेली ती त्याने चहा उकळेपर्यंत काढून दिली. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल अर्धं अल्फाफोल्डवाल्या हासाबिस आणि जंपर यांना आणि अर्धं नवी प्रोटीनं रचणाऱ्या डेव्हिड बेकरना, योग्यच आहे. पण ते शिकलं कशावर? १९७१ पासून जगभरच्या हमालांनी एका डेटा बँकेत जमा केलेल्या २ लाखांच्या आसपास रचनांवर. आणि रचना कळली की काम कळलं असं होत नाही. युरिएजच्या तोंडाशी एक झाकण असतं, ते उघडतं, युरिया आत येतो, झाकण मिटतं. हे कधी, कशाने, औषध अडकवलं तर काय, हे सांगायला अजून प्रयोगच लागतो. उलट आता क्रिस्टलवाले अल्फाफोल्डचं मॉडेल घेऊनच आपला डेटा सोडवायला बसतात, वेळ वाचतो. भांडण कोणाचंच नाहीये, तुमच्या ऑफिसातच असेल तर असेल.

डॉक्टरांनी पोटातल्या जंतूसाठी एक औषध पाजून पिशवीत फुंकर मारायला लावली. हा काय प्रकार?
– गृहिणी, ठाणे

तुम्हाला पाजला तो युरिया, त्यातला कार्बन खुणेचा. हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू पोटातल्या ॲसिडमध्ये जगतो तो युरिएजच्या जोरावर, आपल्याभोवती अमोनिया करून ॲसिड मारतो. जंतू असेल तर युरिया तुटतो आणि तो खुणेचा कार्बन तुमच्या श्वासातून बाहेर येतो. नसेल तर येत नाही.

आमच्या सोया प्लांटच्या लॅबमध्ये मी रोज पेंडीची युरिएज टेस्ट करतो, पीएच किती वाढला ते लिहितो. पण युरिएजने कोंबड्यांना नक्की काय होतं हे साहेबांनाही सांगता येत नाही.
– लॅब केमिस्ट, लातूर

कारण कोंबडीला युरिएजने फारसं काही होतच नाही! खरा चोर दुसरा आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला अडवणारं प्रोटीन असतं, ट्रिप्सिन म्हणजे आतड्यात प्रोटीन पचवणारं एन्झाइम, ते अडलं की कोंबडी खाते पण अंगी लागत नाही. पेंड भाजली की हा चोरही मरतो आणि युरिएजही, साधारण बरोबरीनेच. चोराची टेस्ट किचकट आणि युरिएजची सोपी, युरिया तुटून झालेल्या अमोनियाने पीएच वाढतो तो अर्ध्या तासात पीएच मीटरवर कळते, म्हणून युरिएजला विचारायचं की तुझा सोबती मेला का. पीएच ०.०५ ते ०.२ वाढला तर भाजणी बरोबर, फार वाढला तर कच्ची, अजिबात नाही वाढला तर बहुतेक जास्त भाजली, म्हणजे प्रोटीनचंही नुकसान. हां, गुरांच्या खुराकात युरिया मिसळत असाल तर मात्र खुद्द युरिएजचाच त्रास, अमोनिया सुटतो.

आणि तुम्ही ज्या चोराच्या मागे आहात त्याच्या मागे आपल्याकडे बायोकेमिस्ट कमला सोहोनी लागल्या होत्या. मूळच्या भागवत. १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, त्या हटून बसल्या आणि मिळवला. केंब्रिजला जाऊन बटाट्यावर काम करताना दाखवलं की सायटोक्रोम सी, म्हणजे पेशीच्या श्वसनाला लागणारं एक प्रोटीन, वनस्पतींच्या पेशीतही असतं, १९३९ ला पीएचडी, आणि थिसिस किती पानांचा, ४०. आमच्याकडे हल्ली नुसती परिशिष्टं तेवढी असतात. नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरा आणि कडधान्यं यांवर काम केलं, त्यात ही ट्रिप्सिन अडवणारी प्रोटीनंसुद्धा होती. वाल भिजवून, मोड आणून, नीट शिजवूनच खावेत हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं, त्यामागचं 'का' या बाईंनी तपासलं.

आमच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आहे. नववीच्या मुलांना एन्झाइम, म्हणजे पुस्तकातलं विकर, दाखवता येईल असं काही आहे का?
– शिक्षक, संगमेश्वर

आहे, आणि खर्च वीस रुपयांच्या आत. मूठभर सोयाबीन रात्री भिजवा, सकाळी अर्धे कच्चेच थोड्या पाण्यात वाटा, उरलेले अर्धे चांगले वीस मिनिटं उकडून मग वाटा. दोन वाट्या. हळद पाण्यात कालवून त्यात कोरा कागद बुडवून वाळवून घ्या. कोणाच्याही घरून चमचाभर युरिया आणा, ग्लासभर पाण्यात विरघळवा आणि दोन्ही वाट्यांत सारखा सारखा ओता. हळदीच्या कागदाच्या ओल्या पट्ट्या दोन ताटल्यांना आतून चिकटवा आणि ताटल्या वाट्यांवर उपड्या घाला, कागद वाटणाला टेकू द्यायचा नाही. दहा-पंधरा मिनिटांनी कच्च्या वाटीवरचा कागद लालसर तपकिरी होईल, अमोनियाने होतो, साबणाने हळदीचा डाग होतो तसाच. खिडक्या उघड्या ठेवा, चव कोणी घेऊ नये, आणि नंतर ते झाडांना घाला.

उकडलेली वाटी मात्र वगळू नका, घाईत लोक तीच वगळतात. आणि उत्तर लगेच सांगून टाकू नका, आधी विचारा की या वाटीवरचा कागद पिवळाच का राहिला. कोणीतरी म्हणेलच, "सर, मेलं ते." त्याला विचारा, काय मेलं? त्यावर मुलं काय काय म्हणाली ते मला जरूर लिहून पाठवा, पुढच्या अंकात छापू.